ब्रेक ऑइल हे तेल नव्हे

माझे वडील रबर हुंगून ओळखत. भोसरीतल्या एका कारखान्यात ते स्टोअर सांभाळायचे. तिथे गाड्यांसाठी रबरी रिंगा बनत आणि बनणारी प्रत्येक रिंग काळीच असे. झाडाचं रबर तेलात फुगतं, म्हणून तेलाच्या पंपाला आणि डिझेलच्या नळीला नायट्राइल हे कारखान्यात बनलेलं रबर. ऊन, पाणी, वाफ यांच्याशी गाठ असेल तर ईपीडीएम, तेही तसलंच. रेडिएटरच्या पाइपला आणि दाराच्या पट्ट्यांना तेच. ईपीडीएमला मात्र तेल अजिबात सोसत नाही. हे मला शाळेतच पाठ होतं. आमच्याकडे पाढ्यांनंतर हेच म्हणून घेत.

देशाची दारं उघडली तसा कारखान्याला परदेशी भागीदार मिळाला. भागीदाराबरोबर कॉम्प्युटर आला आणि कॉम्प्युटरबरोबर मी. सदाशिव पेठेतल्या एका क्लासमध्ये सहा महिने घालवून मी ऑपरेटर झाले होते, चिकटवलं बाबांनीच. पहिल्याच महिन्यात साहेबांनी जाहीर केलं, यापुढे माल लेबल बघून बाहेर जाईल, स्टोअरच्या सहीची गरज नाही. लेबलं मी छापत होते.

बाबा फुगले. मराठीत रबरही फुगतं आणि माणूसही. इतकी सोय दुसऱ्या भाषेत असेल असं वाटत नाही. सहा आठवडे ते माझ्याशी बोलले नाहीत. रोज आम्ही एकाच स्कूटरवरून भोसरीला जायचो आणि एकाच डब्यातली भाजी खायचो. काही सांगायचं असलं तर ते निघताना दारात आईला सांगत, "तिला म्हणावं, ओढणी चाकात जाईल." मी शेजारीच उभी असे. आई मला ते पुन्हा सांगायची. मला वाईट वाटत होतं, पण खुर्चीची ऐट त्याहून मोठी होती.

एका बुधवारी ऑर्डरचा फॅक्स आला. 'ब्रेक ऑइल रिंग', माप स्पष्ट, मटेरियलचा रकाना मात्र काळवंडलेला. विचारायला बाबा दहा पावलांवर होते. मी विचारलं नाही. ऑइल म्हणजे तेल, तेलाला नायट्राइल. मी टाइप केलं, लेबल छापलं, आणि त्या मापाच्या नायट्राइलच्या रिंगा खोक्यात गेल्या. गुरुवारी आमच्या भागातल्या कारखान्यांना सुट्टी असायची, त्यामुळे माल शुक्रवारी निघणार होता.

शुक्रवारी सकाळी माझ्या चहाशेजारी बाबांनी स्टीलची वाटी ठेवली. तिच्यात काहीतरी पिवळसर, पातळ, आणि बुडाशी एक काळी रिंग.

"माझी वाटी गेली," आई म्हणाली.

बाबांनी खिशातून तशीच दुसरी, कोरडी रिंग काढून शेजारी ठेवली. वाटीतली चांगली जाड झाली होती. बोटाने दाबली तर मऊ लागली.

"कोपऱ्यावरच्या गॅरेजमधून आणलं," ते म्हणाले. आईला नाही, मला. "ब्रेक ऑइल. नावाला ऑइल, पण तेल नव्हे ते. यात ईपीडीएम टिकतं. नायट्राइलचं हे असं होतं. बुधवारी निघताना खोकं हुंगलं होतं मी. पण वासावर आता कुणाचा विश्वास नाही, म्हणून ही वाटी."

कात्रजचा घाट उतरणारी कुणाची तरी गाडी डोळ्यांसमोर आली.

"माझ्यापेक्षा जास्त फुगलीय," बाबा रिंगेकडे बघत म्हणाले. "ऊठ. ट्रक दहाला येतो. लेबल तू बदल, रिंगा मी बदलतो."

स्कूटरवर बसताना मला उमगलं, की ते गप्प राहिले असते तर माल परत आला असता, माझी चूक कारखानाभर गाजली असती आणि त्यांची सही मानाने परत मिळाली असती. मला हे शुक्रवारी सुचलं. त्यांना बुधवारीच सुचलं असणार. मला रडू आलं, आणि मी मागे बसले होते म्हणून त्यांना ते दिसलं नाही हे बरं झालं.

"बाबा, साहेबांना सांगणार तुम्ही?"

त्यांनी किक मारली.

"मी कसा सांगणार? मी फुगलोय ना."