दोन बोटं तेल

घरातलं माणूस गेलं की वर्षभर लोणचं घालायचं नाही, अशी आमच्याकडची रीत. माझी बायको फाल्गुनात गेली. जायच्या आठ दिवस आधी तिनं लोणच्याचा मसाला कुटून डब्यात भरून ठेवला होता. तो डबा सव्वा वर्ष तसाच पडून. यंदा उघडला. वास होता अजून. तिच्या हातचं खाण्याजोगं घरात तेवढंच उरलं होतं. म्हटलं, यंदा लोणचं मीच घालतो, अन् यवतमाळले दिलेल्या पोरीला अर्धं देतो.

प्रमाण मला पाठ. पाच किलो आंब्याला तीन किलो तेल. दरसाली डबा घेऊन सुटं तेल मीच आणायचो, काट्यावर तोलून. शाळा चौथीपर्यंतच झाली, पण वजनात मला कोणी फसवलं नाही. तीस वर्षं जिनिंगच्या कारखान्यात कापसाचा काटा धरला आहे.

आता आमच्या गावात सुटं तेल मिळत नाही. पाकीट मिळतं, अन् सारे त्याला किलोचं पाकीटच म्हणतात. तीन पाकिटं आणली. पाच किलो आंब्याच्या फोडी मसाला लावून काचेच्या बरणीत भरल्या, तेल तापवलं, थंड केलं, वरून ओतलं.

तिसऱ्या दिवशी पाहतो, तर फोडी तेलाबाहेर डोकं काढून बसलेल्या. ती म्हणायची, "तेल फोडीच्या वर दोन बोटं पायजे, नाही तर बुरशी धरते." आंबा बाजारात पुन्हा मिळेल, मसाला कुठून आणू? जेवण गेलं नाही. सारखा उठून बरणीपाशी. एका फोडीवर पांढरं दिसलं. मीठ की बुरशी, कळेना. कोरड्या चमच्यानं ती फोड काढून फेकली अन् रिकामं पाकीट घेऊन किराणा दुकान गाठलं.

दुकानदार माझ्याच वयाचा. म्हटलं, "तुह्या पाकिटात तेल कमी हाये."

"चष्मा लावत जाय बुढ्या. काय लिहेल हाये? एक लिटर. आता त्याच्या खाली वाच."

खाली बारीक अक्षरात होतं, ९१० ग्रॅम.

"तेल पाण्याहून हलकं रायते. लिटरभर तेल किलोभर नाही भरत. अन् तू म्हणे काटा धरत होता!"

"सारे किलोचं पाकीट म्हणतात."

"म्हणतात न. सारे मले शेठ बी म्हणतात."

हसू आलं नाही. पाकिटामागं नव्वद ग्रॅम कमी, तिन्हीचे दोनशे सत्तर. आणखी एक पाकीट घेतलं, त्याच्याच काट्यावर भांडं ठेवून बरोबर दोनशे सत्तर ग्रॅम तेल तोलून घेतलं. घरी तापवलं. थंड व्हायला दुपार गेली. तोवर एकच घोर, उशीर तर नाही झाला? ओतलं, हलवलं, रातभर बसू दिलं.

सकाळी बरणीला बाहेरून बोटं लावली. फोडी बुडाल्या होत्या, पण तेल वर दीडच बोट. पुन्हा घाबरलो. उरलेलं तेलही ओतून द्यावं वाटलं. पण वजन तर पुरं होतं, वरून जास्तीचं ओतलं तर तिचं लोणचं ते राहिलं नसतं. काट्यावर भरोसा ठेवावा की तिच्या बोटांवर? चार दिवस तसाच तळमळत काढले.

रविवारी पोरगी आली. आल्या आल्या बरणीपाशी गेली.

"बाबा, चेहरा कायले असा करून राह्यले? चांगलं तर दिसते."

"तेल कमी हाये. तुही माय दोन बोटं सांगे. दीडच भरते."

"कोणाच्या बोटानं मोजलं?"

"माह्या."

तिनं माझा हात उचलून पाहिला. "ही बोटं हायेत का खुंट?" मग स्वतःची दोन बोटं काचेला आडवी लावली. तिची बोटं मायसारखीच बारीक. खालचं फोडीला टेकलं, वरचं तेलाच्या काठाला. बरोबर दोन.

"झालं समाधान?" म्हणत ती हात काढायला लागली.

"राहू दे जरा," म्हटलं.

"काहून?"

"पाहू दे मले."