बिरोबापुढं ठेवलेलं गाणं

नोकरीत पाहिलेले पुष्कळ गुन्हे मी विसरून गेले, पण हे प्रकरण काही डोक्यातून जात नाही. घरासमोरून उसाचा ट्रॅक्टर गाणी वाजवत गेला की हातातलं काम तसंच ठेवून मी दारात येते.

तेव्हा मी सांगलीच्या पूर्वेकडच्या, दुष्काळी भागातल्या एका ठाण्यात हवालदार होते. त्या दुपारी ठाणे अंमलदाराच्या टेबलावर माझी ड्युटी होती. एक बाई आत आली. चाळिशीची, कपाळाला भंडारा, पायांवर रस्त्याची धूळ. वाडीवरच्या मेंढपाळ घरातली होती ती. ओव्या चांगल्या गाते म्हणून आसपासच्या यात्रांना तिला बोलावणं असे.

मी विचारलं, "काय चोरीला गेलं?"

"गाणं," ती म्हणाली.

माझे दोन सहकारी मोठ्यानं हसले. मी हसले नाही. त्यात माझा शहाणपणा काही नव्हता, चारचौघांत हसायलासुद्धा मला संकोच वाटतो. पण त्यामुळं बाई त्यांच्याकडं पाठ करून माझ्याशी बोलायला लागली.

बिरोबावरची एक ओवी तिनं स्वतः रचली होती. दोन ढोलवाले घेऊन ती सांगलीच्या स्टुडिओत गेली आणि गाणं करून आणलं. पुण्याची एक कंपनी ते यात्रेच्या दिवशी बाहेर काढणार होती, तिच्या नावानं, तिच्या फोटोसकट. आणि यात्रेच्या आधीच ते गाणं सगळ्यांच्या फोनमध्ये वाजायला लागलं. कंपनीच्या माणसाचा तिला फोन आला, की लोकांकडं फुकट आहे ते आम्ही काढून काय करू?

"त्येचंबी येवढं न्हाई म्याडम," ती म्हणाली. "ओवी सरली की श्येवटाला गाणारीनं आपलं नाव आन गाव बांधायचं आसतं. लोकांच्या फोनात त्येवढंच न्हाई. कुणीतरी कापलंय. माज्या तोंडाचं गाणं, आन बाया मलाच इचारत्यात, कुणाचं गं ह्ये?"

एवढं बोलते आहे तोच बाहेर आमच्या ठाण्याच्या जीपच्या ड्रायव्हरचा फोन वाजला. ढोल, आणि त्यावर एका बाईचा खणखणीत आवाज.

ती ताडकन उठली. "ह्येच की!"

ड्रायव्हरनं फोन आणून टेबलावर ठेवला आणि हात जोडले. "आवं बाई, मला म्हेवण्यानं पाठीवलं. गॉड वाटलं, लावलं रिंगटोन. मला काय ठावं?"

आवाज ऐकून साहेब केबिनमधून बाहेर आले. प्रकार कळल्यावर म्हणाले, "वा! तक्रार लिहायच्या आत माल ठाण्यातच सापडला. पंचनामा करा आता ड्रायव्हरचा." सगळं ठाणं हसलं. बाईसुद्धा हसली. मग साहेबांनी मला आत बोलावून सांगितलं, "कॉपीराइट कायद्यानं हा गुन्हा होतो. आधी गाणं फुटलं कुठून ते शोधा."

चौकशीची माझी एकच पद्धत होती. प्रश्न विचारायचा आणि गप्प बसायचं. आरडाओरडा मला कधी जमला नाही. पण समोरचा गप्प बसलेला माणूस भल्याभल्यांना सोसत नाही, ते आपण होऊन बोलायला लागतात. या प्रकरणात तर त्याचीही गरज पडेना. जो तो छाती काढून सांगत होता.

ड्रायव्हरचा मेहुणा ट्रॅक्टरवर होता. साखर कारखान्याच्या वजनकाट्यापुढं रांगेत उभा असताना तो भेटला. "व्हय, मीच दिलं सगळ्यास्नी," तो म्हणाला. "येवढं चांगलं गाणं, एकट्यानं ऐकून काय करू?" त्यानं ते स्टँडवरच्या मोबाइलच्या दुकानातून मेमरी कार्डात भरून घेतलं होतं.

दुकानदार मात्र मला बघून घामाघूम झाला. मी स्टुलावर बसले, प्यायला पाणी मागितलं आणि बसून राहिले. तो उगाच चार्जरच्या वायरी गुंडाळायला लागला. एकच वायर त्यानं तीनदा गुंडाळली. शेवटी म्हणाला, "शेपूट मी कापलं, म्याडम."

"का?"

"श्येवटाला लय संथ हुतं. ट्रॅक्टरवाल्यास्नी एकसारखं वाजाय लागतं. मधी ढोल थांबला की शिव्या घालत्यात. नाव हाय का गाव हाय, कुणी ऐकलंय त्ये?"

"आणि तुला कुणी दिलं?"

तो कानाला हात लावून म्हणाला, "द्येवळातनं आलंय. खोटं बोलत न्हाई."

मला आधी ते खरं वाटलं नाही. पण बाईला विचारल्यावर तिचा चेहराच बदलला. कुठलंही नवं काम आधी देवाला दाखवायची त्यांच्यात रीत. तिनं गाण्याचा पेन ड्राइव्ह नारळासोबत बिरोबापुढं ठेवला होता आणि दुसऱ्या दिवशी परत नेला होता.

मी तिला घेऊन देवळात गेले. पुजारी सत्तरीचे, बाईच्या वडिलांच्या वयाचे. सगळी वाडी त्यांना आण्णा म्हणायची. मी विचारायचा अवकाश, आण्णा खुशीत म्हणाले, "व्हय, मीच दिलं की. लाऊडस्पीकरच्या पेटीला लावून आदी द्येवाला ऐकीवलं. पोरं म्हणाली, आमालाबी द्या. द्येवाम्होरं ठेवल्यालं गाणं, त्येचा परसाद झाला. परसाद कुलपात ठिवत्यात व्हय? वाटला समद्यास्नी. एक रुपाया घेतला न्हाई."

चोर मी बरेच पाहिले. कुणी नजर चुकवतो, कुणाला नको तिथं हसू येतं. इतक्या निर्मळ तोंडानं कबुली देणारा आरोपी मला भेटला नव्हता. माझं पेन हातातच राहिलं. जबाब लिहून त्यांना ठाण्यावर नेलं असतं तर कायद्यानं चुकलं नसतं, पण वाडी दोन तट होऊन भांडली असती आणि बाईला राहायचं होतं तिथंच. तिला तिचं नाव हवं होतं. ते मी कुठल्या कलमाखाली मिळवून देणार?

तेवढ्यात बाईच बोलली.

"आण्णा, मी नारळ दिलावता. तुमी त्यो वाढवला. मग काय केलंसा?"

"काय म्हंजी? आर्दा द्येवाला ठिवला, आर्दा तुज्या वटीत घातला."

"समदाच का वाटून टाकला न्हाईसा?"

"आसं कसं करीन, पोरी? देणाऱ्याचा आर्दा माघारी द्याचाच आसतो."

"मग गाण्यातला माजा आर्दा कुठं हाय?"

आण्णांनी पटका काढून डोकं खाजवलं. मग गाभाऱ्याकडं बघून म्हणाले, "द्येवा, तूबी बोलला न्हाईस गड्या. चुकलंच की रं!"

पुढच्या रविवारी देवळाच्या लाऊडस्पीकरवरून आण्णांनी बाईचं नाव आणि गाव घेऊन सांगितलं, गाणं हिचं आहे, हिचा वाटा द्यायचा राहिला आहे, ज्याच्या फोनात असेल त्यानं देवापुढं येऊन पुसावं आणि यात्रेनंतर हिच्या नावाचं घ्यावं. कोण येतंय, असं मला वाटलं होतं. पण मोकळ्या ट्रॉल्यांसकट ट्रॅक्टर आले. म्हाताऱ्यांना फोनमधलं पुसता येईना. "बाई, तूच पूस. पर नातवाचा फोटू ऱ्हाऊ दी," म्हणत एकेक जण फोन माझ्या हातात देत होता. वर्दीत देवळाच्या पायरीवर बसून मी गाणी पुसत होते. शेजारी दुकानदाराला बसवलं होतं, तो मुकाट्यानं मदत करत होता. संध्याकाळी ठाण्यात आल्यावर साहेबांनी आपला फोन हळूच माझ्यापुढं सरकवला. "माझ्यात कसं आलं, कळत नाही," म्हणाले.

बाईनं गुन्हा दाखल करायला नको म्हटलं. दुकानदाराला लेखी समज देऊन अर्ज निकाली काढला. लोकांनी गाणं पुसल्याचं कळल्यावर यात्रेला कंपनीचा माणूस स्वतः आला. लोक नाव घेऊन बाईला तेच गाणं परत म्हणायला लावतात, हे त्यानं पाहिलं. मग ठरल्याप्रमाणं त्याच दिवशी गाणं बाहेर पडलं, शेवटच्या नावागावासकट.

सगळे फोन काही पुसले गेले नसतील, हे मलाही कळतं. पण या प्रकरणानं मला एक शिकवलं. दुसऱ्याची वस्तू लपवून नेणाऱ्याला ती चोरी आहे हे माहीत असतं, म्हणून तो घाबरतो आणि सापडतो. दुसऱ्याची वस्तू हौसेनं वाटणाऱ्याला चोरीची शंकाही येत नाही. त्या सगळ्या साखळीत कंजूष माणूस एकही नव्हता. देणारेच सगळे. फक्त जिचं होतं तिला विचारायचं राहून गेलं होतं. त्यानंतर असा अर्ज आला की मी आधी तेवढंच बघायची.

म्हणून ट्रॅक्टरवर ती ओवी लागली की मी दारात येते. ट्रॅक्टर वळणावर पोचेपर्यंत थांबते. ढोल थांबतो, आवाज संथ होतो आणि शेवटाला तिचं नाव येतं. मग मी आत जाते.