खुशीचं पहिल्या नंबराचं भाषण

मुकुटबनात धम्मरत्न लाइनमनचं नाव निघालं की लोक दोन गोष्टी सांगतात. एक, हा माणूस खांबावर चढताना घाई करत नाही. दुसरी, त्याची पोरगी खोटं बोलत नाही. दुसरी गोष्ट त्यानेच गावभर केली होती, हे मी शेजारी म्हणून सांगतो.

त्याच्या घरात एकच कायदा होता: खरं सांगितलं की रागवायचं नाही. आणि तो स्वतः तो पाळायचा. बॉल बसून टीव्ही फुटला तेव्हा नऊ वर्षांच्या खुशीने स्वतः येऊन सांगितलं. त्याचं तोंड लालबुंद झालं, पण तो मोरीवर गेला आणि धुतलेली भांडी पुन्हा घासत बसला. राग आला की त्याचं हे ठरलेलं. बायको प्रियंका म्हणायची, "यायले रोज राग येवो, माहं काम वाचते."

दर रविवारी सकाळी तो विहारात पोरांचा वर्ग घ्यायचा. एप्रिलमधल्या जयंतीसाठी त्याने भाषणांची स्पर्धा ठेवली. विषय, 'आमच्या घरातला चांगला गुण'. नियमही त्याचाच, आणि कडक: पोरांनी स्वतः लिहायचं, मायबापानं पेनाला हात लावायचा नाही. परीक्षक मी, कारण गावात रिकामा बसलेला रिटायर मास्तर मीच.

खुशीने पाच-सहा ओळी लिहिल्या. 'माझ्या बाबाले राग येते. मग ते भांडे घासतात. भांडे चमकतात आणि राग चालला जाते. मले राग आला तर मी पण आता घर झाडते.'

ते वाचून धम्मरत्न हादरला. भरल्या विहारात, बायामाणसांसमोर, लाइनमन भांडी घासतो म्हणून सांगायचं? त्याला लाज वाटली. लाज वाटायचीच होती तर त्याने पुढे जे केलं त्याची वाटायला हवी होती. दुपारी बसून त्याने दोन पानं लिहिली. त्याग, जिद्द, शिक्षण, सगळं ठासून भरलं. "हे पाठ कर," तो तिला म्हणाला, "ते घरातलं घरातच राहू दे."

स्पर्धेत खुशी धडाधड बोलली. मध्येच 'तद्वतच' आलं आणि मी चमकलो. चौथीतली पोर तद्वतच म्हणते? अख्ख्या मुकुटबनात तो शब्द एकटा धम्मरत्न वापरतो, तोही सभेत. भाषण संपल्यावर मी विचारलं, "बेटा, हे कोणं लिवलं?"

तिने बापाकडे पाहिलं. तो पहिल्या रांगेत होता. त्याने मान खाली घातली आणि सतरंजीचा धागा ओढत बसला.

"मीच लिवलं, गुरुजी," खुशी म्हणाली.

टाळ्या पडल्या. मी पहिला नंबर दिला. कळलं होतं, तरी दिला. जयंतीच्या दिवशी कशाला वाईटपणा घ्यायचा, अशी मनाची समजूत घातली. आजही आठवलं की माझी मान खाली जाते.

आठवडाभर धम्मरत्न माझी नजर चुकवत होता. शनिवारी संध्याकाळी मात्र ओट्यावर येऊन बसला. "गुरुजी, पोरगी खोटं बोलली. मले वाटलं, घरी येऊन रडन, म्हनन, बाबा, चुकलं. ते तं मस्त जेवली अन झोपली. मले माहीच शरम वाटून राह्यली."

"उद्या सांगून टाकू," मी म्हणालो. "चूक माहीबी हाय."

रविवारी विहारात पोरं होती, त्यांच्या आया होत्या. पंचशील झालं आणि तो उभा राहिला. "खुशीचं भाषण तिनं नाही, मी लिवलं होतं. माहाच नियम मी मोडला. बक्षीस वापस देतो."

खुशी ताडकन उठली. "नाही! बाबा खोटं बोलून राह्यले. मीच लिवलं!"

बाया हसल्या. समोरच बसलेल्या मथुराबाई म्हणाल्या, "काहून पोरीचं नाव कमी करता, भाऊ? खुशी कधी खोटं बोलते काय?" मी उठून सांगितलं की तो खरं बोलतोय, मला त्याच दिवशी कळलं होतं. तर म्हणाल्या, "गुरुजी, तुमीबी?" कोणी ऐकूनच घेतलं नाही. पोरगी खरी ठरली आणि आम्ही दोघं बाप्ये खोटे. तिचं हे नाव धम्मरत्नानेच इतकी वर्षं कमावून दिलं होतं.

बाहेर पायरीजवळ तो तिच्यापुढे उकिडवा बसला. "माय, मी खरं सांगून राह्यलो होतो. तू काहून अशी बोलली?"

"लोक तुमाले हासले असते."

"हासू दे न."

ती घाबरली नव्हती. उलट त्यालाच समजावत होती. "त्या दिवशी गुरुजींनं इचारलं तवा तुमी गप्प बसले न, बाबा. मले वाटलं, आपल्याले असंच सांगायचं हाय."

धम्मरत्नाने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. मला त्याला उठवायचं होतं, पण माझा हात पुढे गेला नाही.