शांताबाईंची अर्धी भाकर

बाळांनो, परवा फोनवर तुम्ही विचारलंत, "आजी, देव आधी न्यायी की आधी प्रेमळ?" मी लगेच सांगितलं: आधी पवित्र, मग न्यायी, मग प्रेमळ. चर्चच्या रविवारच्या शाळेत मी मुलांना कायम याच क्रमाने शिकवलं. काल तो क्रम माझ्याच मनात मोडला, म्हणून हे लिहिते आहे.

काल चर्चमध्ये प्रभुभोजनाला, म्हणजे येशूच्या आठवणीची भाकर आणि द्राक्षरस घ्यायला, सगळे पुढे आले. दानिएल मात्र शेवटच्या बाकावर बसून राहिला. सात वर्षांपूर्वी त्याने दारू पिऊन चालवलेल्या ट्रकखाली आमच्याच मंडळीतल्या शांताबाईंचा मुलगा गेला. शिक्षा भोगून तो नुकताच सुटला आहे. मनात वैर असताना आमच्याकडे प्रभूची भाकर घेत नाहीत, म्हणून शांताबाईंनीही सात वर्षं ती घेतली नव्हती. काल त्यांनी घेतली, पण तोंडात घातली नाही. काठी टेकत त्या मागे गेल्या आणि तुकडा मोडून अर्धा दानिएलपुढे धरला.

"मावशी, माझी लायकी नाही."

"लायकी बघून वाटतात होय? घे लवकर, गुडघे दुखतायत माझे."

त्याने ओंजळ पुढे केली. पाळकसाहेब हातात प्याला धरून तसेच उभे राहिले. न्याय तर केव्हाच झाला होता, तरी काहीतरी अपुरं होतं. ते माझ्या डोळ्यांदेखत पुरं झालं. देवाच्या साऱ्या गुणांच्या मुळाशी हे प्रेमच असणार.

शांताबाईंचा मुलगा परत येणार नाही. त्यांचं रडणंही थांबलेलं नाही. तरी प्रेम आहे, आणि ते मी पाहिलं आहे.