मोकळी पिशवी

वाशीच्या बसस्टॉपवर ती एकदाच भेटली. साठीची, अंबाड्यात अबोलीचा गजरा, मांडीवर जवळजवळ रिकामी कापडी पिशवी. मी विमानाने नागपूरला निघाले होते आणि केबिन बॅगेवर गुडघा टेकवून चेन ओढत होते.

"कुठं चाललीस?"

"आईकडे."

ती चक्क चिडली. "मायेराला कोन भरलेली बॅग नेतं? मी पन नावड्याला आयकडंच चाललीय. पिशवी मोकली नसली, तं आय भरनार कशात?"

पुढच्या खेपेपासून मी बॅग अर्धीच भरायला लागले. येताना आई तिच्यात कुरडया, सांडगे कोंबायची आणि चेन लावायला आम्ही दोघी बॅगेवर बसायचो.

आता आई नाही. भावाकडे जाताना बॅग अजून अर्धीच भरते. येताना चेन एका ओढीत लागते.