सावंत भाऊजींचं इंजेक्शन आणि आमची बिल्डिंग

लिफ्टचं दार बंद होता होता एवढंच कानावर आलं, "सावंतबाईंनी नवऱ्याला बेडरूममधून बाहेर काढलं म्हणे. ते इंजेक्शन सुरू झाल्यापासून तो..." आणि लिफ्ट वर गेली. मी खाली, हातात कोथिंबिरीची जुडी. पुढचं वाक्य काय असेल या विचारात त्या दिवशी मला जेवण गेलं नाही.

मुलुंडला आमच्या बिल्डिंगमध्ये माझं आणि नलिनी सावंतचं दार समोरासमोर आहे. दारं समोरासमोर असली की किस्से आपोआप साचतात, पायपुसण्याखाली माती साचते तसे. मी काही कान लावून बसत नाही. दार उघडं असतं, कानही उघडे असतात, बस. आणि हे मी नलिनीला विचारून लिहितेय. ती म्हणाली, "लिही गं, कुणाच्या तरी उपयोगी पडेल. फक्त मला जाडी लिहू नकोस."

*

भाऊजींना प्रोस्टेटचा कॅन्सर निघाला. डॉक्टर म्हणाले, रेडिएशन देऊ आणि दर तीन महिन्यांनी पोटात एक इंजेक्शन, दोन वर्षं. त्यानं पुरुषांचं हार्मोन बंद होतं, म्हणजे कॅन्सरचा खुराकच तुटतो. मग हाडं सांभाळा, वजन सांभाळा, रोज चाला, असं सगळं सांगून त्यांनी विचारलं, काही शंका?

भाऊजी नाही म्हणाले. नलिनी म्हणाली, "आहे. आमचं नवराबायकोचं काय?"

भाऊजींनी रिपोर्टची फाईल तोंडासमोर धरली. डॉक्टरांनी मात्र नीट सांगितलं. इच्छा कमी होईल, कदाचित जाईलच, बाकीचंही जमणार नाही; पण त्यावर उपाय असतात, सल्ला देणारी माणसं असतात. वर म्हणाले, या वयात हे विचारणाऱ्या बायका मला फार कमी भेटतात.

नलिनी म्हणाली, "अहो, अठ्ठावन्न वर्षांची आहे मी. मेलेली नाही."

*

दुसऱ्या इंजेक्शननंतर भाऊजींना गरम वाफा यायला लागल्या. बसल्या जागी मान, कान, डोकं लाल आणि बनियन ओलाचिंब. नलिनीचं हे सगळं पाच वर्षांपूर्वी होऊन गेलेलं. तेव्हा भाऊजी चादर गुंडाळून तिच्यावर करवादायचे की पंखा फुल्ल कशाला? आता स्वतः फ्रीजचं दार उघडून त्याच्यासमोर उभे राहतात.

नलिनीनं मला गॅलरीतून ओरडून सांगितलं, "मंगल, आमच्या घरात आता दोघांचीही पाळी गेली!"

*

मग हसू थांबलं. भाऊजी उशी घेऊन हॉलमध्ये झोपायला गेले. सगळ्यांना सांगायला कारण पंख्याचं.

नलिनी माझ्याकडे मेथी निवडायला आली होती, तेव्हा बोलली. तिनं त्यांच्या खांद्यावर सहज हात ठेवला तर ते दचकून बाजूला झाले. म्हणाले, "माका काय एक वाटणा नाय गो. मग तुका कशाक आशेवर ठेवू?"

"तेहेतीस वर्षं शेजारी झोपलेला माणूस आहे गं," ती म्हणाली. "मला तो हवाय. ते बाकीचं नंतर बघू. पण त्याला वाटतं, ते नाही तर तोच नाही."

त्या दिवशी मी मेथीच्या काड्यासुद्धा भाजीत टाकल्या.

*

नलिनी त्यांना ओढत घाटकोपरला एका समुपदेशक बाईंकडे घेऊन गेली. त्या बाईंनी चक्क होमवर्क दिलं. महिनाभर, रोज पंधरा मिनिटं शेजारी पडायचं. पाठीला तेल लावा, हात धरा, गप्पा मारा. त्याच्या पुढे जायला सक्त मनाई. भाऊजींचा चेहरा म्हणे परीक्षा रद्द झालेल्या पोरासारखा उजळला.

मला यातलं काही माहीत नव्हतं. मी विरजण मागायला गेले. भिंतीवरच्या कॅलेंडरवर, जिथे आपण दुधाचे खाडे लिहितो, तिथे फक्त चार फुल्या. मी म्हटलं, नलिनी, या महिन्यात चारच खाडे? दूधवाला सुधारला वाटतं.

आतून भाऊजींचा आवाज आला, "दूधवाला नाही हो वहिनी, मी."

*

एकदा त्यांचं कुरिअर मी घेतलं. खोकं हलवून बघितलं, हे कबूल करते. काय मागवलंत म्हणून विचारलं तर भाऊजी गडबडून म्हणाले, "पंप. हवेचा."

तो डॉक्टरांनी सांगितलेला, पुरुषांच्या त्या अडचणीवरचा पंप होता, हे नलिनीनं मला संध्याकाळी सांगितलं. तोपर्यंत मी जिन्यात कुलकर्णींना सांगून बसले होते. कुलकर्णी आमचे सेक्रेटरी, रोज सकाळी सायकल मारतात. दुसऱ्या दिवशी ते सावंतांच्या दारात हजर. वहिनी, पाच मिनिटं पंप देता का, मागच्या चाकात हवा नाहीये.

नलिनी शांतपणे म्हणाली, "देते की. आधी डॉक्टरांची चिठ्ठी आणा."

पंप चालला का, असं मी नंतर विचारलंच. ती म्हणाली, हसण्यातच अर्धा तास गेला, पण खाडा धरला नाही.

*

एवढं सगळं कळलं, पण भाऊजी बेडरूममध्ये परतले का, ते काही कळेना. तीनदा आडून विचारलं. तिन्ही वेळा नलिनीनं मला चहा दिला.

मग खालच्या मजल्यावर पाणी झिरपायला लागलं. रविवारी अकरा वाजता कुलकर्णी सावंतांच्या भिंती बघायला निघाले. सोबत कमिटीतल्या शहाबेन, म्हणजे त्याच लिफ्टमधल्या. आणि मी, मला कुणी बोलावलं नव्हतं.

आधी बेडरूम. पलंगावर बॅगा, इस्त्रीचे कपडे, गावाहून आलेल्या आमसुलांची पिशवी. उशी एकही नाही. शहाबेननी मला कोपर मारलं, "बोलली होती ना मी?"

मग हॉल. सोफा-कम-बेड ऐसपैस उघडलेला, पंखा फुल्ल. चादर एक, उशा दोन, आणि भाऊजींच्या उशीवर नलिनीचा चष्मा. शहाबेन भिंतीवरची ओल फार बारकाईनं बघायला लागल्या.

कुलकर्णी रिपोर्ट लिहायला बसायची जागा शोधत होते. भाऊजी चहाचा कप घेऊन स्वयंपाकघरातून आले आणि म्हणाले, "उभ्यानंच लिहा, कुलकर्णी. हा सोफा हल्ली आम्ही मिटत नाही."