सूर्य अर्धा झाला आणि वीज गेली

ब्लोअर बंद पडला तेव्हा मी सूर्य तयार करत होते.

माझं काम फिरत्या तारांगणाचं. जाड काळ्या कापडाचा मोठा घुमट असतो. ब्लोअर, म्हणजे हवा भरणारा पंखा, त्याला फुगवून ठेवतो. आतला प्रोजेक्टर घुमटाच्या छतावर आकाश दाखवतो. आत यायला कापडाचाच बोगदा, त्यातून वाकून यावं लागतं. ब्लोअर चालू आहे तोवर आकाश वर. बंद पडला की आकाश हळूहळू खाली यायला लागतं.

हायवेवरच्या हातखंब्यापासून आतल्या एका गावात, शाळेच्या हॉलमध्ये शो होता. सहावी-सातवीची चाळीसेक मुलं आत होती. आणि भाटकर. भाटकर शाळा समितीचे अध्यक्ष. जहाजावर नोकरी करून निवृत्त झालेले, उंचपुरे गृहस्थ. शोच्या आधी मुख्याध्यापक मयेकर सरांनी मला बाजूला घेतलं होतं.

"मॅडम, ते विश्वाची उत्पत्ती वगैरे गाळता आलं तर बघा. थेट ग्रहांपासून सुरू करा. भाटकर म्हणतात, पोरांच्या डोक्यात नको ते भरवू नका."

"सर, शोचं नावच 'विश्वाचा जन्म' आहे."

"मग ते स्वतः आत बसणार म्हणतायत."

"बसू देत."

ते प्रोजेक्टरशेजारी हाताची घडी घालून बसले. महास्फोट झाला, पहिले तारे पेटले, विझले. तुमच्या रक्तातलं लोह अशाच एखाद्या ताऱ्यात तयार झालंय, असं मी सांगितलं तेव्हा बाजूने एक "हं" आला. मग धुळीचा ढग फिरायला लागला, मध्यभागी उजेड झाला, आणि सगळंच गेलं. चित्र, माईक, ब्लोअर.

एक मुलगा हसला. मग एक मुलगी किंचाळली.

कापड अंगावर पडून कोणाला इजा होत नाही. शिवणींतून हवा येत राहते. इजा होते ती सगळे एकदम बोगद्याकडे धावले तर. मला भीती त्याचीच होती.

"सगळे खाली बसा! कोणी उठायचं नाही!" मी ओरडले आणि चाचपडत इमर्जन्सी चेनपाशी गेले. घुमटाच्या मागच्या बाजूला बॅगेला असते तशी मोठी चेन असते, ती उघडली की सगळे सरळ बाहेर पडतात. वीतभर उघडली आणि अडकली. आदल्या दिवशी दुसऱ्या गावी सड्यावर, उघड्या कातळावर शो केला होता. तांबडी धूळ चेनीच्या दातांत बसली होती.

बाहेरून माझा टेक्निशियन विलास ओढत होता. "मॅडम, पुढे सरकत नाय!"

"सोड ती. जनरेटर काढ!"

"तो गाडीत सगळ्या सामानाच्या खाली आहे!"

कापड माझ्या केसांना लागलं. बोगद्याच्या तोंडाशी तीन-चार मुलं एकमेकांवर पडली होती. "पाय! माझा पाय!" कोणीतरी रडत होतं. मी मोबाईलचा टॉर्च लावला आणि एकेकाला धरून मागे ओढलं. बोगदा पार चपटा झाला होता.

"मॅडम, हे वर धरू का?" भाटकर उभे राहिले होते.

"मधोमध उभे राहा. दोन्ही हात वर."

त्यांच्या हातांवर कापड तंबूसारखं उचललं गेलं. मी बोगद्याचं तोंड पाठीवर घेतलं. "आता बोगद्याजवळची ओळ. एकेक जण. रांगत जायचं."

पलीकडून मयेकर सर मुलांना हात धरून बाहेर घेत होते. एक गेला की दुसरा. मागची मुलं मुसमुसत होती, पुढे रेटत होती. तेवढ्यात भाटकरांचा आवाज आला.

"मॅडम, तो स्फोट झाला म्हणता. त्याच्या आधी काय होतं?"

ही काय विचारायची वेळ, असं माझ्या मनात आलं. पण मुसमुसणं थांबलं होतं. मुलं ऐकत होती.

"माहीत नाही."

"तुम्हाला नाय, का कोणालाच नाय?"

"कोणालाच नाही, काका."

"मग तसं सांगा की. मला वाटलं, तुम्हाला सगळं ठाऊक."

"ठाऊक एवढंच, की आपण फार उशिरा आलो. आणि या सगळ्यात आपली जागा अगदी एवढीशी."

"हां. भर समुद्रात डेकवर उभं राहिलं की तसंच वाटतं." मग दरडावून, "ए, ढकलू नको. सरक पुढे."

स्फोट हा शब्द तसा बरोबर नाही; काही फुटलं नाही, अवकाशच पसरत गेलं. पण तेव्हा दुरुस्ती करायला सवड नव्हती.

शेवटची ओळ बाहेर गेली. मयेकर सरांनी मुलं मोजली. "मॅडम, एक कमी. सानिका नाय."

मी परत आत शिरले. कडेचं कापड जमिनीला टेकलं होतं, घड्यांवर घड्या. एकेक घडी उचलून टॉर्च मारत मी हाका मारत होते. उत्तर नाही.

"लवकर बघा," भाटकर म्हणाले. "हात भरून आले."

चेनीच्या पलीकडच्या घडीखाली निळा स्कर्ट दिसला. सानिका उताणी झोपली होती, डोळे सताड उघडे. दोन्ही हातांनी तोंडावरचं कापड वर धरलेलं.

"अगं, ओ का देत नाहीस?"

"शो चालू असताना बोलायचं नाय म्हणालात ना," ती कुजबुजली. "आणि पृथ्वी व्हायचीय अजून."

मी तिचा हात इतका घट्ट धरला की ती म्हणाली, "मॅडम, दुखतंय."

टाकीचा पंप कोणीतरी चालू केला होता, त्या लोडने शाळेचं मेन स्विच पडलं होतं. एका मुलाचा घोटा मुरगळला, बाकी सगळे धड होते. मयेकर सरांचा चेहरा उतरला होता. "गुंडाळा सगळं. पालक मला फाडून खातील."

भाटकर पायरीवर बसून खांदे चोळत होते. "अर्ध्यावर नका सोडू सर. घरी जाऊन अर्धंच सांगतील, तो घोटाळा जास्त."

विलासने जनरेटर लावला. आम्ही ब्रशने चेन साफ केली, तिच्यावर मेणबत्ती घासली, चार वेळा उघडून बंद केली. मग सूर्यापासून पुढे शो केला. भाटकर या वेळी आत आले नाहीत. बोगद्यापाशी खुर्ची टाकून बसले.

निघताना मी त्यांना विचारलं, "काका, पटलं का काही?"

"देवाचं काय ते माझं मी बघीन," ते म्हणाले. "तुम्ही चेनीचं बघा."

बघते. रोज.